गेटवरचं जेवण

माझ्या बाबांना हॉटेलात जेवायला फार आवडायचं. हे ऐकून कुणालाही वाटेल, माणूस चवीचा असणार. तसं काही नव्हतं. घरी ते ताटात पडेल ते खायचे. भाजी करपली तरी बोलायचे नाहीत. पण महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर येणाऱ्या रविवारी, ते आईला आणि मला घेऊन राळेगावहून यवतमाळला जायचे आणि तिथल्या एका हॉटेलात आम्ही तिघं टेबलावर बसून जेवायचो. मी पहिलीत होते तेव्हापासून बारावी होईपर्यंत हे चाललं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. शनिवारी संध्याकाळी ते अंगणात बसून हात घासायचे. आधी रॉकेल, मग साबण, मग जुना टूथब्रश घेऊन एकेक नख. ऑइल पुरतं कधीच निघायचं नाही, पण त्यांचा अर्धा तास त्यात जायचा. सकाळी इस्त्रीचा शर्ट. आईला म्हणायचे, "ते निळी साडी नेस." आई म्हणायची, "जेवाले चाल्लो का लग्नाले?" पण नेसायची.

हॉटेल बसस्टँडपासून पायी दहा मिनिटांवर होतं. जिना चढून वर फॅमिली रूम. हिरव्या रेक्झिनच्या खुर्च्या, वर पंखा. आम्ही बसलो की वेटर यायचा, पाण्याचे ग्लास ठेवायचा आणि विचारायचा, "काय आणू साहेब?"

बाबा त्याला उत्तर द्यायचे नाहीत. माझ्याकडे वळायचे. "सांग त्याले. तुले काय पाह्यजे?"

मी तेव्हा अक्षर लावून वाचायची. मेन्यूकार्डावर बोट ठेवून "म-ट-र प-नी-र" असं चालायचं. वेटर ताटकळायचा. दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी त्याला हाक मारायचं. बाबा शांतपणे म्हणायचे, "थांबा जरा. पोरगी वाचून राह्यली." शेवटी मी दर वेळी शेवभाजीच सांगायची. पण माझं वाचून होईपर्यंत तो माणूस उभा राहायचा, आणि बाबा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत असायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मला तेव्हा कळत नव्हतं.

आईचं सगळं याच्या उलट होतं. ती आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. रोज पस्तीस लेकरांची खिचडी शिजवायची. तिला हॉटेलातलं जेवण म्हणजे फुकटची मिजास वाटायची. तिला आवडायची पंगत. लग्न असो, तेरवी असो, देवळातला महाप्रसाद असो, दर्ग्यावरचा उरूस असो, विहारातलं भोजनदान असो. आई जायची, सतरंजीवर मांडी घालून बसायची, शेजारच्या अनोळखी बाईशी बोलत बोलत पोटभर जेवायची. मला घेऊन जायची. म्हणायची, "अन्नाले जात नसते व. तोंड असते फक्त."

बाबा मात्र कुठल्याच पंगतीला बसायचे नाहीत. लग्नाला जायचे, अक्षता टाकायचे आणि घरी येऊन भाकर खायचे. विहारात कार्यक्रम असला की पाण्याचे ड्रम वाहायचे, मंडप बांधायचे, वाढायलाही उभे राहायचे. पण जेवायला घरी. आपल्याच माणसांत कसली लाज, असं लोक म्हणायचे. आईला मी विचारलं तर ती म्हणाली, "इचार तुह्या बापाले."

मी विचारलं ते दहावीत असताना, त्या हॉटेलातच. वेटर ऑर्डर घेऊन गेला होता. आई हात धुवायला उठली होती. बाबांनी ग्लास बाजूला सारला आणि सांगितलं.

ते आठ वर्षांचे असतील. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं. आजोबांनी दीक्षा घेतली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण दीक्षा त्यांनी घेतली होती, गावानं नाही. सगळ्या पंगती उठल्यावर आमच्या वस्तीला बोलावणं आलं. बसायला जागा गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीजवळ. वाढणारा उभ्यानंच वाढत होता, शिवाशिव नको म्हणून वरून टाकत होता. बाबांच्या वाट्याची जिलबी पत्रावळीवर न पडता मातीत पडली. त्यांनी ती उचलली, फुंकली आणि तोंडाकडे नेली. आजोबांनी त्यांचं मनगट धरलं. जिलबी खाली ठेवायला लावली. भरल्या पत्रावळीवरून पोराला घेऊन उठले आणि सगळ्यांच्या देखत घरी आले.

"त्या दिवशी घरी चूल पेटली नव्हती," बाबा म्हणाले. "जेवन तथीच होनार होतं ना. उपाशीच झोपलो. मंग चार-पाच महिने तुह्या आजोबाले गावात कोनी काम नाई देल्लं."

ते पुढे म्हणाले, "आता जेवाले कमी नाई आपल्याले. पन पंगतीत काय असते, जे आलं ते घ्या. कोनी इचारत नाई, बाबू, तुले काय पाह्यजे. अथी इचारते."

तेवढ्यात आई आली. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

पुढे मी डी.एड. केलं आणि उमरखेडला एका खासगी शाळेत शिकवायला लागले. तिथं खोली करून राहत होते. बाबा निवृत्त झाले. हॉटेलात जाणं कमी झालं, मी सुट्टीत आले की तेवढं.

मग एका हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, आई अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता खाली पडली. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. राळेगावहून तिला यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. मी रजा टाकून आले. आम्ही तिथं बावीस दिवस होतो.

बायकांच्या वॉर्डात पेशंटजवळ एकच बाई थांबू शकत होती, ती मी. बाबा बाहेर व्हरांड्यात. भेटीच्या वेळी आत यायचे, आईच्या उशाशी उभे राहायचे आणि तिची साडी, पाण्याची बाटली, चादर उगाच सारखी करायचे. आई त्यांच्याकडे बघायची. डोळे तिचेच होते, बाकी चेहरा एका बाजूला ओघळला होता.

दुपारी बाबा बसस्टँडजवळच्या खानावळीत जेवायला जायचे. येताना माझ्यासाठी पार्सल आणायचे. दोन पोळ्या, कोरडी भाजी, गाठ मारलेल्या पिशवीत वरण. पायी जायचे-यायचे, त्यामुळे दोन वाजायचे. पोळ्या थंड व्हायच्या. मी जिन्यात बसून खायची. कशीबशी एक पोळी जायची.

शेजारच्या खाटेवर फुलसावंगीची एक सून होती. तिच्याजवळ तिची सासू. वयानं साठीच्या पुढची, बंजारा समाजाची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सून तिला याडी म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड तिला याडी म्हणायला लागला, सिस्टरसुद्धा. चौथ्या दिवशी बाराच्या सुमाराला ती माझ्याजवळ आली.

"चाल बेटी, जेवाले."

"माझे बाबा आणतात," मी म्हटलं.

"आनते तवा आनते. आता गरम हाय. पलीकडच्या खाटेपाशी बसलेली ते बाई तुह्या मायकडे अन माह्या सुनेकडे पाहीन. चाल."

दवाखान्याच्या गेटजवळ रोज दुपारी एक टेम्पो यायचा. यवतमाळमधल्या काही मंडळींनी मिळून नातेवाइकांसाठी मोफत जेवण चालू केलं होतं. टेम्पोला रोज नवा बॅनर. कधी कुणाच्या आईची पुण्यतिथी, कधी कुणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस. खाली पातेली, वरण, भात, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, एखाद्या दिवशी बुंदी. लोक आपापलं ताट घेऊन रांगेत उभे असायचे. दारव्ह्याचे, घाटंजीचे, पांढरकवड्याचे, सगळीकडचे.

मी रांगेत उभी राहिले आणि माझ्या नकळत ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. याडीनं ती मागे सारली.

"तोंड कायले झाकतं? चोरी थोडी करून राह्यलो?"

माझा नंबर आला तेव्हा मी ताट पुढे करू शकले नाही. मला त्या क्षणी बाबांची जिलबी आठवली. वाढणारी बाई माझ्याच वयाची होती, तिनं वाकून माझ्या ताटात भात ठेवला, वरण घातलं, म्हणाली, "ताई, पोळी अजून लागली तर या." तिनं वरून टाकलं नाही. मी ते मुद्दाम पाहिलं.

भिंतीच्या कडेला बसून आम्ही जेवलो. चार दिवसांत पहिल्यांदा माझं ताट संपलं. जेवण चांगलं होतं म्हणून नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकाचं कुणीतरी आत खाटेवर होतं. कुणी कुणाला धीर देत नव्हतं. "तुमचा कोनता वॉर्ड?" "काय म्हनते डॉक्टर?" एवढंच बोलणं, आणि मध्येच कुणाला तरी हसू येईल अशी एखादी गोष्ट. मला आई पंगतीला का जायची ते त्या भिंतीशी बसून कळलं. ती आत निजली होती, तिला हे सांगता येत नव्हतं.

त्या दिवसापासून मी रोज गेटवर जेवायला लागले. बाबांना सांगितलं नाही. दोन वाजता पार्सल आलं की म्हणायची, "आता भूक नाही, संध्याकाळी खाते." आणि संध्याकाळी याडी आणि मी ते वाटून खायचो. बाबांशी मी आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते. त्यामुळे त्यांना शंका आली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

असे दहा-अकरा दिवस गेले. एका दिवशी बॅनरवर कुणाचा तरी वाढदिवस होता. ज्यांचा होता ते स्वतः कुटुंबासह आले होते. त्यांनी चार ताटं वाढली आणि फोटो काढले. रांगेतल्या लोकांना सांगितलं, जरा इकडे बघा. आम्ही बघितलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, गरीब व गरजू लोकांना अन्नदान. बाबांबरोबर वर्कशॉपमध्ये असलेल्या एका माणसानं तो बाबांना पाठवला आणि खाली विचारलं, "ही आपली पोरगी हाय का?"

त्या संध्याकाळी भेटीच्या वेळी बाबा आत आले. आईची चादर सारखी केली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मला वाटलं थकले असतील.

दुसऱ्या दिवशी मी ताट भरून घेतलं, वळले, तर गेटजवळच्या कडुनिंबाखाली बाबा उभे होते. माझ्या हातात वरण-भाताचं ताट. खाली ठेवता येईना, खाता येईना. ते चालत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं आता ताट खाली ठेवायला लावतील, आजोबांनी जिलबी ठेवायला लावली तसं.

"खाय," ते म्हणाले. "थंड होईल."

आणि ते माझ्या पुढून टेम्पोकडे गेले. तिथं या कामाचं बघणारा एक माणूस असायचा, पन्नाशीचा, धान्याचं दुकान असलेला. बाबांनी त्याला बाजूला बोलावलं. मी मागे जाऊन उभी राहिले. आवाज चढला तर मला मध्ये पडायचं होतं.

बाबांनी मोबाईल त्याच्यासमोर धरला. "हे माही पोरगी हाय. मास्तरीन हाय. हा फोटो काढून टाका."

त्या माणसानं फोटो पाहिला. खालचं लिहिलेलं वाचलं. तो ओशाळला. "काका, मी काढून टाकायला सांगतो. आमच्या ग्रुपवरून तर आत्ताच काढतो. पण पुढे गेला तो माझ्या हातात नाही."

"फोटो कायले पाह्यजे तुमाले? जेवू घालता ना, मंग घाला."

"खरं सांगू का?" तो म्हणाला. "फोटो नसला तर उद्याचा दाता भेटत नाही. मी हे बंद करून पाहिलं, काका. पाच दिवस फोटो नाही काढले. सहाव्या दिवशी टेम्पो रिकामा होता. तेव्हा या गेटवर लोक ताटं घेऊन उभे होते आणि मी त्यांना हात जोडत होतो."

बाबा रांगेकडे बघत राहिले. रांग बरीच लांब होती, उन्हात, भिंतीच्या वळणापर्यंत.

तो माणूसच पुढे म्हणाला, "तुम्ही जेवले का काका?"

"जेवलो," बाबा म्हणाले. ते जेवले नव्हते. बाराच वाजले होते.

संध्याकाळी व्हरांड्यात मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. समोर स्ट्रेचर येत-जात होते. मग त्यांनी विचारलं, "माह्याकडून कमी पडलं का काही?"

"नाही बाबा."

"मंग काहून?"

"एकटीनं जेवण जात नव्हतं," मी म्हटलं. "जिन्यात बसून घास फिरायचा तोंडात. तिथं सगळे असतात." आणि मग मला रडू आलं, तोपर्यंत एकदाही आलं नव्हतं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तशी त्यांची सवय नव्हती. ते फक्त म्हणाले, "हे मले सुचाले पाह्यजे होतं."

दुसऱ्या दिवसापासून बाबा दोनला नाही, बाराला यायला लागले. खानावळ उघडायच्या आत जाऊन उभे राहत असतील. मी रांगेतून ताट भरून आणायची. भिंतीशी याडी, मी आणि बाबा बसायचो. मी गेटवरचं खायची, बाबा आपलं पार्सल उघडून खायचे. सगळ्या रांगेत पार्सल खाणारा तो एकच माणूस. लोक बघायचे. बाबांना त्याचं काही नव्हतं.

एक दिवस याडीच्या ताटात बुंदी होती. तिनं बाबांच्या उघड्या पुडक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, बुंदी पाह्यजे का?"

बाबांनी पुडकं पुढे सरकवलं. "द्या थोडी," म्हणाले. तिनं आपल्या ताटातली मूठभर उचलून त्यांच्या पोळीवर ठेवली. त्यांनी खाल्ली. मी तिकडे बघायचं टाळलं.

याडीची सून आमच्या आधी घरी गेली. जाताना याडीनं आईच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि मला म्हणाली, "फुलसावंगीले ये. उमरखेडहून काय दूर हाय?" मी हो म्हटलं. मी गेले नाही. कितीतरी वेळा त्या रस्त्यानं गेले, पण उतरले नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही.

बावीस दिवसांनी आईला सुटी मिळाली. काठी आणि एका माणसाच्या आधारानं ती चालायला लागली. बोलणं अर्धमुर्धं आलं. शब्दाचं पहिलं अक्षर यायचं, पुढचं अडायचं, आणि मग ती डाव्या हातानं मांडीवर थाप मारायची, स्वतःवर चिडून. स्वयंपाक बाबा करायला लागले. वरण पातळ, पोळ्या जाड. आई खायची.

पुढच्या पावसाळ्यात मी सुट्टीत आले होते. यवतमाळला आईला दाखवायला नेलं होतं. डॉक्टरांकडून बाहेर पडलो तर आई म्हणाली, "हा... हाट..." बाबांना कळेना. मला कळलं. "हॉटेल?" तिनं मान हलवली. जिला हॉटेल म्हणजे मिजास वाटायची, ती.

हॉटेल तेच, पण जिना चढणं शक्य नव्हतं. खाली साध्या हॉलमध्ये बसलो. आई डाव्या हातानं जेवायचा प्रयत्न करत होती. रस्सा ओठांच्या कडेनं ओघळून साडीवर पडत होता. पलीकडच्या टेबलावर एक कुटुंब होतं. त्यातली बाई आमच्याकडे बघत होती. मग तिनं आपल्या मुलीची खुर्ची फिरवून पाठमोरी केली. थोड्या वेळानं वेटरला काहीतरी सांगितलं, आणि ते सगळे ताटं उचलून लांबच्या टेबलावर गेले.

बाबांनी ते पाहिलं. मी बाबांना पाहिलं. मला वाटलं आता आपण उठणार. या हॉटेलात ते वीस वर्षं ज्याच्यासाठी येत होते, ते त्या बाईनं एका खुर्चीच्या आवाजात काढून घेतलं होतं.

बाबा उठले नाहीत. त्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला, आईच्या गळ्याशी खोचला. आपली खुर्ची तिच्या जवळ घेतली. रोटीचा तुकडा मोडला, रश्श्यात भिजवून मऊ केला आणि तिच्या तोंडात दिला. मग दुसरा. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. बाबांना आईला भरवताना मी पहिल्यांदा पाहत होते. घरी ती त्यांना भरवू द्यायची नाही. इथं चारचौघांत तिनं तोंड उघडलं.

वेटर आला. "अजून काय आणू काका?"

बाबा आईकडे वळले. "सांग त्याले. काय पाह्यजे?"

आई बोलायला लागली. "खि..." पुढे येईना. मांडीवर थाप. "खि..." वेटर उभा राहिला. चांगला माणूस होता, दुसरीकडे बघितलं नाही त्यानं. "खिचडी?" त्यानंच विचारलं. आईनं मान हलवली. मेन्यूत खिचडी नव्हती. तो आत गेला, आचाऱ्याशी बोलला आणि पंधरा मिनिटांनी एका वाडग्यात मुगाची मऊ खिचडी घेऊन आला. बाबांनी फुंकून एक चमचा आईला दिला. तिनं घास चावला, गिळला, आणि जोरात मान हलवली. नाही. बरोबर नाही जमली. आणि मग ती हसली, वाकड्या तोंडानं, आवाज करून. आजारपणानंतर पहिल्यांदा. वेटरही हसला. बाबा म्हणाले, "पस्तीस लेकराची खिचडी करत होती हे. हिले नाई पटनार तुमची."

आई त्यानंतर पाच महिने होती. दुसरा झटका आला तो घरीच, सकाळी अंगणात उन्हात बसलेली असताना. दवाखान्यात न्यायची वेळही आली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरापुढे मंडप घालून झाला. वस्ती आली, अंगणवाडीतली लेकरं आली. सगळे जेवले, बाबा सोडून. त्या रात्री ते आपली भाकर घेऊन मागच्या दारात बसले, आणि मी त्यांना काही म्हटलं नाही. बाबांचं चुकतं, असं मला कधी वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. ज्याच्या ताटात वरून टाकलं गेलं, त्यानं कुणाच्या पंगतीत बसायचं आणि कुणाच्या नाही, हे दुसऱ्यानं सांगू नये.

पण आईला वर्ष होत आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाबा, गेटवरचं एक दिवसाचं जेवण आपण देऊया का?" तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्या धान्यवाल्याला फोन लावला. नंबर त्यांनी कधी घेऊन ठेवला होता, मला माहीत नव्हतं.

त्यानं बॅनरसाठी आईचा फोटो मागितला. बाबा म्हणाले, "फोटो नको. नाव बी नको."

"काका, रिवाज आहे. कोणाच्या नावानं जेवलो ते लोकांना कळलं पाहिजे."

"ते पस्तीस लेकराले रोज वाढत होती," बाबा म्हणाले. "नाव सांगून नाई वाढलं तिनं कधी."

त्या दिवशी आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीनं यवतमाळला गेलो. जिथं स्वयंपाक होतो तिथं बाबांनी कांदे चिरले, पातेली उचलली. खिचडी ठेवली होती, वरण-भाताऐवजी. ते बाबांनीच सांगितलं होतं. बाराला टेम्पो गेटवर लागला. बॅनर नव्हता. मी वाढायला उभी राहिले. माझ्या शेजारी बाबा होते. समोर ताट आलं की ते वाकून विचारत होते, "थोडी का जास्त?" रांग हळू सरकत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, वाढा ना लवकर." त्यांनी वेग वाढवला नाही.

रांग संपत आली तेव्हा मी बाजूला पाहिलं, तर बाबा तिथं नव्हते. मला वाटलं खानावळीत गेले असतील. मग दिसले. रांगेच्या अगदी शेवटी उभे होते, हातात स्टीलचं ताट. त्यांच्या पुढे कुठल्या तरी गावची दोन माणसं होती. बाबा त्यांच्या मागे, इस्त्रीच्या शर्टात, ताट छातीशी धरून. ते पुढे आले. माझ्यासमोर थांबले. मी डाव वर उचलला आणि वाकले. ताटाला डाव टेकवून हळूच खिचडी ठेवली.

"अजून?" मी विचारलं.

"बस," ते म्हणाले.

ते भिंतीशी जाऊन बसले, लोकांमध्ये. मी उरलेलं आवरून माझं ताट घेऊन त्यांच्याजवळ गेले. ते खाली मान घालून जेवत होते, सावकाश, एकेक घास. बाजूच्या म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "तुमचा कोनता वॉर्ड?" बाबा म्हणाले, "आता कोनताच नाई." म्हातारा समजला असावा. त्यानं पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

ताट पुसून खाल्ल्यावर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी हाय."

मी चाखून पाहिलं. खरंच कमी होतं.